पंडित विष्णू नारायण भातखंडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एखाद्या सामान्य घरातील तरुणाला शास्त्रीय गायन शिकावेसे वाटले, तर त्याच्यापुढे फार थोडे मार्ग होते. संगीताच्या शाळा जवळजवळ नव्हत्याच. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे, त्यांची सेवा करावी, त्यांची मर्जी संपादन करावी आणि त्यांच्या मनात येईल तेव्हा ते जे गातील ते ऐकून कंठस्थ करावे, असा रिवाज होता. शिकण्यासाठी हाती पुस्तक नसे, ठरलेला अभ्यासक्रम नसे आणि शिक्षण किती वर्षांत पूर्ण होईल याचाही भरवसा नसे. ज्याला पोटापाण्याचा उद्योग सांभाळायचा आहे, त्याच्यासाठी ही वाट बंदच होती.

या रिवाजाचा आणखी एक परिणाम होत असे. विद्या केवळ कंठात राहिल्यामुळे गायकाबरोबर तीही नाहीशी होत असे. एखादा वृद्ध गवई शिष्य तयार न करता वारला, की त्याच्याजवळच्या शेकडो चिजा कायमच्या लोपत. राजेरजवाड्यांचा आश्रयही हळूहळू कमी होऊ लागला होता. अशा वेळी हे धन गोळा करून, लिहून काढून, कोणालाही शिकता येईल अशा रूपात समाजापुढे ठेवण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते पंडित विष्णू नारायण भातखंडे होत. विशेष म्हणजे ते कोणत्याही घराण्यात जन्मलेले गवई नव्हते, तर व्यवसायाने वकील होते.

बालपण आणि शिक्षण

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईतील वाळकेश्वर येथे 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घरची परिस्थिती मध्यम होती. घरात भजन-गायनाची आवड होती; परंतु मुलाने गवई व्हावे असे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला वाटणे शक्य नव्हते. गाणे-बजावणे हा प्रतिष्ठित माणसाचा व्यवसाय नव्हे, अशी समजूत तेव्हा रूढ होती. त्यामुळे विष्णूने मन लावून शाळा शिकावी आणि फावल्या वेळात हौस म्हणून गावे-वाजवावे, एवढीच मोकळीक त्याला मिळाली. शालेय वयातच तो बासरी वाजवू लागला. पुढे तरुणपणी त्याने सतारीचेही शिक्षण घेतले.

तो काळ राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीचा होता. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली होती आणि इंग्रजी शिक्षण घेतलेली नवी पिढी तयार होत होती. हे तरुण प्रत्येक गोष्टीचे कारण विचारीत, पुरावा मागत आणि जुन्या विद्यांकडे नव्या दृष्टीने पाहत. भातखंडे याच पिढीतले होते. त्यांनी 1885 मध्ये बी. ए. ची आणि 1887 मध्ये कायद्याची पदवी मिळवली. काही काळ त्यांनी कराचीत वकिली केली व नंतर ते मुंबईत स्थिरावले. साक्षीपुरावा तपासून निष्कर्ष काढण्याची जी सवय वकिलीमुळे त्यांना लागली, तिचा उपयोग त्यांना पुढे संगीताच्या अभ्यासात झाला.

प्रश्नांची सुरुवात

मुंबईत त्या वेळी गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती. संगीतप्रेमी पारशी गृहस्थांनी ती 1870 मध्ये स्थापन केली होती. नामवंत गवयांना बोलावून त्यांचे गाणे ऐकावे आणि सभासदांना शिक्षण मिळावे, असा तिचा उद्देश होता. भातखंडे 1884 मध्ये या संस्थेचे सभासद झाले. येथे त्यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदाची, तर अली हुसेन खाँ यांच्यासारख्या उस्तादांकडून ख्यालाची तालीम मिळाली. दिवसा अभ्यास किंवा कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात संगीत, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला.

शिकता शिकता त्यांच्या मनात प्रश्न उभे राहू लागले. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी का गातात? एकजण ज्या स्वराला महत्त्व देतो, तो स्वर दुसरा वर्ज्य का मानतो? दोघांपैकी कोणाचे बरोबर आणि ते कशावरून ठरवावे? गुरुजनांना विचारले, तर आमच्या घराण्यात असेच गातात, एवढेच उत्तर मिळे. उत्तर देणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. ते उत्तम कलावंत होते. पण शास्त्र म्हणून ही विद्या त्यांना कोणी शिकवलेली नव्हती.

मग भातखंडे ग्रंथांकडे वळले. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर आणि त्यानंतरचे अनेक संस्कृत ग्रंथ त्यांनी वाचले. तेथे वेगळीच अडचण आली. ग्रंथांत वर्णन केलेले राग आणि मैफलीत प्रत्यक्ष ऐकू येणारे राग यांचा मेळ बसेना. नावे जुनीच राहिली होती, पण स्वर बदलले होते. अनेक पंडित प्राचीन ग्रंथ हेच प्रमाण मानून चालू गायन चुकीचे ठरवीत. भातखंडे यांनी उलट भूमिका घेतली. संगीत काळाबरोबर बदलते, म्हणून आज थोर गायक जे गातात ते आधी नीट ऐकावे, नोंदवावे, आणि त्यावरून नियम शोधावेत, असे त्यांनी ठरवले. प्रत्यक्ष प्रचारात असलेल्या संगीताला शास्त्रात लक्ष्य असे म्हणतात. या लक्ष्यालाच त्यांनी आपल्या अभ्यासाचा पाया केले.

देशभर भ्रमंती

संशोधनाचा हा मार्ग सोपा नव्हता. घर आणि व्यवसाय सांभाळून प्रवास करावा लागे. त्यातच त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले. विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी, थोड्याच वर्षांच्या अंतराने, त्यांची पत्नी आणि एकुलती एक मुलगी यांचे निधन झाले. घर रिकामे झाले. भातखंडे यांनी पुन्हा संसार मांडला नाही. हळूहळू वकिलीतूनही त्यांनी लक्ष काढून घेतले आणि उरलेले आयुष्य एकाच कामाला वाहिले.

गुजरात आणि काठियावाडचा प्रवास त्यांनी आधीच केला होता. 1904 मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा अशा ठिकाणी त्यांनी ग्रंथालये पाहिली, विद्वानांशी चर्चा केली. एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षितर या थोर संगीतज्ञांची त्यांनी भेट घेतली. दक्षिणेत सतराव्या शतकातील वेंकटमखी या पंडिताने स्वरांच्या मांडणीवरून 72 मेल कल्पिले होते आणि कर्नाटक संगीतातील राग त्या मेलांत व्यवस्थित बसवलेले होते. मेल म्हणजे रागांचे वर्गीकरण करण्यासाठी घेतलेला सात स्वरांचा संच. उत्तरेच्या संगीतालाही अशी व्यवस्था लावता येईल, हा विचार या प्रवासात पक्का झाला.

1907 मध्ये ते नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम, हैदराबाद या बाजूला गेले. त्यानंतरच्या काळात त्यांनी अलाहाबाद, बनारस, लखनौ, मथुरा, जयपूर, उदयपूर अशी उत्तरेतील केंद्रे पालथी घातली. जेथे जात तेथे ते गवयांना भेटत, हस्तलिखिते शोधत, ऐकलेले टिपून घेत आणि रोजच्या भेटींची नोंद दैनंदिनीत करीत. मोठ्या मानाच्या विद्वानाचे बोलणेही ते तपासल्याशिवाय स्वीकारत नसत.

बंद पेटीतील धन

ग्रंथ मिळवणे एक वेळ सोपे होते. गवयांकडून चिजा मिळवणे फार कठीण होते. चीज म्हणजे रागात बांधलेले, ठरावीक तालातील गीत. तिलाच बंदिश असेही म्हणतात. रागाची सारी लक्षणे चांगल्या बंदिशीत साठवलेली असतात. म्हणून अस्सल बंदिशींचा संग्रह हीच घराण्याची संपत्ती मानली जाई. ती परक्याला दिली जात नसे. काही घराण्यांत तर मुलीच्या विवाहात जावयाला चिजा आंदण दिल्याच्या हकिकती सांगितल्या जातात.

उस्तादांच्या या नकारामागे केवळ हट्ट नव्हता. त्यांची उपजीविका याच विद्येवर चालत होती. दरबार मोडकळीस आलेले, हाती दुसरा व्यवसाय नाही, आणि जे आपल्या वडिलांनी जन्मभर राखले ते एका वकिलाच्या वहीत उतरून बाजारात छापून येणार, ही कल्पना त्यांना भयावह वाटली तर नवल नाही. एका बाजूला विद्या टिकावी ही तळमळ होती, तर दुसऱ्या बाजूला विद्येवर जगणाऱ्या माणसाच्या पोटाचा प्रश्न होता. हा पेच भातखंडे यांना जन्मभर सोडवावा लागला.

त्यांनी तो अनेक मार्गांनी सोडवला. कोठे त्यांनी रीतसर शिष्यत्व पत्करले, कोठे बिदागी दिली, तर कोठे केवळ चिकाटीने विश्वास संपादन केला. जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यातील मनरंग परंपरेच्या अनेक चिजा त्यांना त्यांचे पुत्र आशिक अली खाँ यांच्याकडून मिळाल्या. त्या फोनोग्राफ या तेव्हाच्या नव्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून त्यांनी लिहून काढल्या. उदयपूरचे धृपदिये झाकिरुद्दीन खाँ यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ आणि त्यांचे गुरू वजीर खाँ यांच्यामुळे तानसेनाच्या परंपरेतील धृपदांचे भांडार त्यांना खुले झाले. भातखंडे यांच्या ग्रंथांची पाने म्हणूनच एकट्याची कमाई नाहीत. ज्या उस्तादांनी आपली पेटी उघडली, त्यांचे ऋण त्या प्रत्येक पानावर आहे.

स्वर लिहिण्याची युक्ती

मिळालेली चीज लिहायची कशी, हा पुढचा प्रश्न होता. शब्द लिहिता येतात, पण स्वर कसे लिहावेत? या दिशेने काही प्रयत्न आधी झालेले होते. बडोद्यात मौलाबक्ष यांनी एकोणिसाव्या शतकातच स्वरलिपी वापरून संगीतशाळा चालवली होती. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून स्वतःची स्वतंत्र लिपी प्रचारात आणली होती.

याच शतकात इंग्लंडमध्येही असा एक प्रयोग झाला होता. युरोपात संगीतरचना कागदावर लिहिण्याची पद्धत फार जुनी आहे. रचनाकार प्रत्येक गायकाचा आणि वादकाचा भाग लिहून ठेवतो, म्हणून शेकडो माणसे मिळून एक मोठी रचना गाऊ-वाजवू शकतात. परंतु ती रेघांची लिपी सामान्य माणसाला अवघड जाई. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जॉन कर्वेन यांनी सोप्या अक्षरांची स्वरलिपी लोकप्रिय केली. तिच्यामुळे कारखान्यांत राबणारी माणसेही स्वस्त पुस्तकांवरून समूहगायनातील थोर रचना शिकू लागली. लिपी सोपी झाली की विद्या किती दूरवर पोहोचते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भातखंडे यांनी घडवलेली लिपीही अशीच सोपी आहे. तिच्यात सा, रे, ग, म, प, ध, नी ही ओळखीची अक्षरेच वापरली जातात. शुद्ध स्वराला कोणतेही चिन्ह नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ काढतात. खालच्या म्हणजे मंद्र सप्तकातील स्वराखाली बिंदू, तर वरच्या म्हणजे तार सप्तकातील स्वरावर बिंदू देतात. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी लहान रेघ येते. एका मात्रेत अनेक स्वर असतील, तर त्यांच्याखाली अर्धचंद्राकार कंस काढतात. तालाची सम फुलीने आणि खाली शून्याने दाखवतात. ज्याला वाचता येते, त्याला ही लिपी थोड्या दिवसांत समजते आणि छापखान्यालाही ती जड जात नाही.

मात्र भारतीय राग-संगीत आणि युरोपीय रचना यांत एक मूलभूत फरक आहे. युरोपीय रचना कागदावर बहुतेक पूर्ण असते. आपल्याकडे बंदिश ही बीजासारखी असते. तिचा विस्तार गायक दर वेळी नव्याने करतो. मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव हे सारे कागदावर उतरत नाही. भातखंडे यांनी बंदिशीचा सांगाडा तेवढा लिहिला. त्यात प्राण भरण्यासाठी गुरू हवाच असतो. परंतु गुरू नसला तरी सांगाडा नष्ट होऊ नये, एवढी व्यवस्था या लिपीने केली.

ग्रंथसंपदा

1910 मध्ये भातखंडे यांचा श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांनी स्वतःचे नाव न घालता चतुर पंडित हे टोपणनाव घातले. ज्या काळात संस्कृतात नसलेले शास्त्र पंडितवर्ग मानत नसे, त्या काळात प्रचलित संगीताचे नियम त्यांनी संस्कृत श्लोकांत मांडले.

परंतु सामान्य विद्यार्थ्यासाठी त्यांनी मराठीचा आश्रय घेतला. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा त्यांचा चार भागांचा विस्तृत ग्रंथ मराठीत आहे. त्याचे प्रकाशन 1910 मध्ये सुरू झाले आणि चौथा भाग 1932 मध्ये निघाला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात तो लिहिलेला आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू मते मांडतात, जुन्या ग्रंथांचे दाखले देतात आणि मतभेद असेल तेथे दोन्ही बाजू सांगतात. तरुण भातखंडे यांना जी उत्तरे कोणी दिली नव्हती, ती पुढच्या विद्यार्थ्यांना मिळावीत, अशीच या ग्रंथाची रचना आहे. पुढे त्याचा हिंदीत अनुवाद झाला आणि तो उत्तर भारतभर वाचला गेला.

या ग्रंथांतून त्यांनी प्रचलित रागांची विभागणी दहा थाटांत केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट होत. थाट म्हणजे मेलच. एका थाटातून अनेक राग निघतात. प्रत्येक रागाचा आरोह, अवरोह, वादी व संवादी स्वर, वर्ज्य स्वर आणि गाण्याची वेळ त्यांनी सांगितली. रागांच्या घनदाट अरण्यात नवशिक्याला यामुळे पायवाट मिळाली.

त्यांचे सर्वांत अधिक वापरले गेलेले पुस्तक म्हणजे हिंदुस्थानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तक मालिका. सहा भागांच्या या मालेत सुमारे 1800 बंदिशी स्वरलिपीसह छापल्या आहेत. पहिल्या भागात सोपे राग व सोपे पाठ आणि पुढे क्रमाने अवघड राग, अशी शालेय पुस्तकासारखी मांडणी आहे.

भातखंडे स्वतः उत्तम रचनाकारही होते. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अनेक लक्षणगीते बांधली. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात ते गायचे, त्याच रागाचे नियम शब्दांत सांगणारे गीत. गाता गाता नियम आपोआप पाठ होतात. या रचनांत चतुर ही त्यांची मुद्रा आढळते. शब्द नसलेल्या, केवळ स्वरांच्या सरगमही त्यांनी रचल्या. मैफल गाजवण्यासाठी त्या रचल्या नव्हत्या. शिकणाऱ्याचा पहिला टप्पा सुकर व्हावा, हा त्यांचा हेतू होता.

परिषदा आणि विद्यालये

ग्रंथ लिहून काम संपत नाही, ते समाजाने स्वीकारावे लागते, हे भातखंडे जाणून होते. म्हणून निरनिराळ्या घराण्यांचे गायक आणि विद्वान यांना एकत्र आणावे, असे त्यांनी ठरवले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर 1918 मध्ये दिल्लीत, 1919 मध्ये बनारसमध्ये आणि 1924 व 1925 मध्ये लखनौत अशा परिषदा झाल्या. येथे रागांच्या रूपांवर चर्चा होई आणि उस्ताद प्रत्यक्ष गाऊन आपले मत मांडत. सर्व देशासाठी संगीताची एक मोठी राष्ट्रीय संस्था असावी, हे भातखंडे यांचे स्वप्न होते. पैसा आणि एकमत यांच्या अभावी ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

विद्यालये मात्र उभी राहिली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी राजाभैया पूछवाले यांच्यासारख्या गायकांना नवी शिक्षणपद्धती शिकण्यासाठी भातखंडे यांच्याकडे पाठवले आणि 1918 मध्ये ग्वाल्हेर येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. 1926 मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक स्थापन झाले. या कामी राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांचे मोठे साहाय्य झाले. तेव्हाच्या गव्हर्नरचे नाव धारण करणारे हे कॉलेज स्वातंत्र्यानंतर भातखंडे यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि 2022 मध्ये त्याला भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय असे रूप मिळाले. ज्यांना पूर्वी गुरूच्या दारात वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले असते, ते विद्यार्थी आता फी भरून, वर्गात बसून, ठरावीक अभ्यासक्रम शिकू लागले.

टीका आणि मर्यादा

एवढ्या मोठ्या कार्याला विरोध होणे स्वाभाविक होते. पुस्तकावरून गाणे शिकता येत नाही, स्वरलिपीने रागाचा जीव जातो, अशी टीका अनेक गवयांनी केली. दहा थाटांत सर्व राग नीट बसत नाहीत, काही रागांना ओढूनताणून एखाद्या थाटात घालावे लागते, हा आक्षेप विद्वान आजही घेतात. श्रुतींच्या प्रश्नावरही त्यांचे समकालीन अभ्यासकांशी वाद झाले. उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी भातखंडे कधी कधी फार कठोरपणे लिहीत. ज्यांच्या कंठामुळे ही विद्या टिकली, त्यांना पुरेसा न्याय मिळाला नाही, असे आजचे काही इतिहासकार म्हणतात.

यांतील बरेचसे आक्षेप खरे आहेत. वर्गात शिकून प्रत्येकजण मोठा गायक होत नाही, हेही अनुभवाने दिसून आले. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. थाटांवर, रागनियमांवर, बंदिशीच्या पाठांवर आज जो वाद होतो, तो होऊ शकतो याचे कारण त्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. लिहिलेले तपासता येते, दुरुस्त करता येते. न लिहिलेले फक्त मानावे लागते. आपल्या मतांनाही पुढच्या पिढीने तपासावे, याची सोय भातखंडे यांनी स्वतःच करून ठेवली.

अखेरचा काळ

1933 मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. क्रमिक पुस्तक मालिकेचे शेवटचे भाग अद्याप छापून व्हायचे होते. दीर्घ आजारानंतर 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. मालेचे उरलेले भाग 1937 मध्ये प्रकाशित झाले. 1961 मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

कार्याचा वारसा

भातखंडे यांच्यामागे त्यांचे कार्य पुढे नेणारा मोठा शिष्यवर्ग होता. त्यांत पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे अग्रगण्य होत. त्यांनी भातखंडे यांच्याकडून शास्त्र व बंदिशी आणि बडोद्याचे उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडून मैफलीची गायकी शिकून घेतली. ग्रंथ आणि गुरू, दोन्ही मिळाले म्हणजे काय घडते, याचे ते जिवंत उदाहरण होते. लखनौच्या कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी अनेक वर्षे भूषविले. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी यांच्यासारखे गायक आणि शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

हाच वारसा रातंजनकरांच्या रूपाने छत्तीसगडमध्येही आला. 1950 च्या दशकात दुर्ग जिल्ह्यात दोन मोठी कामे एकाच सुमारास उभी राहत होती. भिलाई येथे पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती. 1959 मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. आणि तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या खैरागढ येथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या स्मरणार्थ आपला राजवाडा या विद्यापीठाला दिला. सुरुवातीच्या काळातच रातंजनकर या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भिलाईच्या कारखान्यासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. कोणाच्याही घरी पिढीजात उस्ताद नव्हता, कोणाजवळ गुरूच्या घरी बारा वर्षे राहण्याइतकी सवड नव्हती. अशा श्रमाच्या नगरीतील मुलांनाही आता संगीताचे पद्धतशीर शिक्षण घेऊन परीक्षा देता येऊ लागली, पदवी मिळवता येऊ लागली. ज्या छत्तीसगडात पंडवानीसारखी कला पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आली आहे, तेथे लोकसंगीताचा अभ्यासही याच विद्यापीठात होतो.

भातखंडे यांनी स्वतः कॉलेजात शिकत असताना आणि पुढे वकिली करताना, मिळेल त्या वेळात संगीत शिकले. शिकण्याचे वय उलटले किंवा घराणे नाही म्हणून त्यांनी माघार घेतली नाही. जे त्यांना कष्टाने, विनवण्या करून मिळाले, ते दुसऱ्याला सहज मिळावे यासाठी त्यांनी ते लिहून ठेवले. आज संध्याकाळी कामावरून आल्यावर हार्मोनियमपुढे पुस्तक उघडून यमन रागाचा पहिला पाठ वाचणारा कोणताही विद्यार्थी त्यांच्या या कष्टांचा वारसदार आहे.